मोजून झाल्यावरची बोटं

"हिच्या हातात सोरोबान देऊ नका, चिगुसा-सान."

माझी नणंद सावाको मला हे चार वर्षांपूर्वी म्हणाली होती, देवळाच्या पायऱ्यांवर. माझ्या मुलीचा, होनामीचा, सातव्या वर्षाचा सोहळा होता. नवा किमोनो, केसांत कापडी फुलं, हातात लांबट गोळ्यांची कागदी पिशवी. सावाको मागे वाकून तिचा पट्टा सारखा करत होती आणि मान वर न करता बोलली. मी विचारलं, का बरं? तिने पुढे उभ्या असलेल्या आपल्या आईकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरातल्या मुलींना ते सोसत नाही."

मी हसले होते. तिच्या तोंडावर नाही, पण तिला कळेल इतपत.

आमच्या ओनो गावात राहून सोरोबान नको म्हणणं म्हणजे बंदरावर राहून मासे नकोत म्हणण्यासारखं. आमच्या गावात निम्म्या घरांनी कधी ना कधी या मण्यांच्या पाटीवर पोट भरलंय. कुणी मणी कातायचं, कुणी रंगवायचं, कुणी चौकट करायचं. माझ्या सासरी, ताकासेंकडे, तीन पिढ्या शेवटचं काम होतं. बांबूच्या बारीक दांड्यांवर मणी ओवायचे, आडव्या पट्टीच्या वर एक आणि खाली चार, आणि चौकट अशी बंद करायची की मणी अडकता कामा नयेत आणि लोळताही कामा नयेत. वरचा मणी पाचाचा, खालचे एकेकाचे. तेवढ्यावर लाखाचे गुणाकार होतात.

आणि याच घरात नियम असा, की मुलींनी मणी ओवावेत, डबे भरावेत, पण मोजायला बसू नये. "घडवणाऱ्या घरच्या लेकीने चालवलं की मणी रुसतात," असं सासूबाई सांगायच्या. मी कोबेच्या कॉलेजात बालशिक्षण शिकलेली. लहान मुलांचा मेंदू कसा शिकतो यावर माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध होता. मणी रुसतात हे ऐकून मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. सावाकोबद्दल तर मी मनात निकालच लावून टाकला होता. चाळिशी ओलांडलेली, लग्न नाही, हिमेजीत पावाच्या दुकानात काम. आमच्याकडे साधा तोफू आणायलाही गाडी लागते, पण तिने गाडीचा परवानासुद्धा काढला नव्हता. दोन बस बदलून यायची. स्वतःला काही जमलं नाही म्हणून भाचीलाही जमू नये असं वाटत असणार, एवढाच अर्थ मी लावला.

नवऱ्याला, शिगेकीला, सांगितलं तेव्हा तो चौकटीचा कोपरा घासत होता.

"तुला वाटतंय तर घाल तिला क्लासला," तो म्हणाला. "आईचं मी बघतो."

घासता घासता त्याचा हात क्षणभर थांबला होता. माझ्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. पण त्या दिवशी मी तो थांबलेला हात आईशी भांडायची तयारी म्हणून वाचला, आणि किती चांगला नवरा मिळाला म्हणून सुखावले.

मोरिवाकी सेन्सेईंचा क्लास स्टेशनामागे होता. पहिल्या दोन वर्षांत मुलं खऱ्या मण्यांवर शिकतात. मग एक दिवस सेन्सेई पाटी काढून घेतात आणि म्हणतात, आता डोक्यातली काढा. मुलं रिकाम्या बाकावर, हवेत, बोटं हलवू लागतात. अंगठा आणि तर्जनी, जणू समोर मणी आहेतच. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती वेडी वाटतील. आम्हाला ते कौतुकाचं. ज्याची बोटं हवेत जोरात चालतात तो पुढे जाणार, असं आमच्याकडे कुणीही सांगेल.

होनामीची सगळ्यांत जोरात चालायची.

"ताकासे, हवेला भोक पाडशील," सेन्सेई म्हणायचे.

"सेन्सेई, तिच्या घरी मणी फुकट मिळतात," मागून कुणीतरी ओरडायचं.

"मग तुझ्या घरी तोफू फुकट मिळतो, त्याने तुझं डोकं मऊ झालं का? चला. मणी मोकळे करा आणि ऐका..." आणि ते त्यांच्या त्या गाण्यासारख्या सुरात आकडे वाचायला लागायचे. एकामागून एक, पाच आकडी, सहा आकडी. शेवटी "इतके, तर?" म्हणून थांबायचे. होनामीचा हात वर.

दहाव्या वर्षी तिला वरची श्रेणी मिळाली. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: सोरोबान घडवणाऱ्या घरातली लेक. सासूबाईंनी तो कापून ठेवला नाही. शिगेकीनेही नाही. मीच कापला आणि कारखान्याच्या दारावर चिकटवला.

मी काळजी करणारी बाई आहे. रात्री तिचा श्वास मोजणारी, डब्यातला भात दोनदा हुंगणारी. तरीही मला दिसलं नाही, आणि का दिसलं नाही तेच मला सांगायचंय. अकराव्या वर्षी, वसंतात, होनामीच्या हातून सकाळी वस्तू पडायला लागल्या. मिसोच्या सूपाची वाटी. चॉपस्टिक. एकदा तर वाटी पडली नाही, उडाली, भिंतीपर्यंत गेली.

"लक्ष कुठेय तुझं?" मी म्हणाले.

"हात आपोआप उडाला, आई."

"आपोआप काही उडत नसतं."

शिगेकीने चॉपस्टिक खाली ठेवल्या. उठला, फडकं आणलं, पुसलं. पुढच्या आठवड्यात टेबलावर सगळ्यांसाठी लाकडी वाट्या आल्या, लाखेचा लाल रंग दिलेल्या, सुंदर. चिनी मातीच्या त्याने खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या. "हलक्या आहेत, हाताला बऱ्या," म्हणाला. मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, जावई मुलीला ओरडत नाही, वाट्या बदलतो.

मग सप्टेंबरातला रविवार. आसपासच्या क्लासांची स्पर्धा, सकाळी नऊला, नगरसभागृहात. आदल्या दिवशी तिने उशिरापर्यंत सराव केलेला, पहाटे उठवून मी तिला गाडीत घातलं. पालक मागच्या खुर्च्यांवर. ऐकून मनात बेरीज करायची फेरी. वाचणारे गृहस्थ म्हणाले, "मणी मोकळे करा आणि ऐका," आणि साठ मुलांची बोटं हवेत उठली. पाखरांचा थवा उठावा तशी. "इतके, तर?" म्हटल्यावर ती खाली आली.

होनामीचा उजवा हात खाली आला नाही. तो हवेत उडतच राहिला. एक झटका, थांबा, दोन झटके.

शेजारची बाई माझ्याकडे झुकली. "तुमच्या मुलीचं अजून चाललंय वाटतं."

"श्श," मी म्हणाले. "ती ताळा बघतेय."

चार सेकंद असतील. चार सेकंद मी गर्वाने बसून राहिले. मग डावा हातही उडाला, पेन्सिल दोन रांगा ओलांडून गेली, आणि होनामी खुर्चीसकट आडवी झाली. वाचणाऱ्यांनी पुढचा आकडा तोंडातच गिळला.

मोठ्या इस्पितळात डॉक्टर मियाके म्हणून एक ठेंगण्या, शांत बाई होत्या. त्यांच्यासमोर येण्याआधी एक कागद भरायचा होता. शिगेकीनेच भरला. घराण्यात कुणाला फेफरं, झटके, शुद्ध हरपणं, असं काही? त्याने लिहिलं, नाही. डॉक्टरांनी तोंडी परत विचारलं. "वडिलांकडून? आत्या, काका, चुलत भावंडं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. स्पष्ट आवाजात.

होनामीच्या डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडल्या. आधी नुसतं डोळे मिटून पडायला सांगितलं. कागदावरच्या रेघा शांत. दिव्याची उघडझाप केली. शांत. एक धडा मोठ्याने वाचायला लावला. शांत. नऊचा पाढा म्हणायला लावला, तरी फारसं काही नाही.

"आता क्लासमध्ये करता तसं करू या," डॉक्टर म्हणाल्या आणि आकडे वाचायला लागल्या. होनामीची बोटं चादरीवर हलू लागली. चौथ्या आकड्याला सगळ्या रेघा एकदम ताठ उभ्या राहिल्या, आणि तिचा हात उडाला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मणी हलवणारी बोटं वेगळी आणि हा झटका वेगळा. सहा महिने दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर एकाच हातात होते.

डॉक्टरांनी समजावलं ते मी प्रबंधासाठी कधीतरी वाचलेलंच होतं. तुमच्याआमच्यासारखी माणसं पाढे म्हणतात तेव्हा डोकं आतल्या आत बोलत असतं. बोलून मिळवलेला हिशोब. सोरोबानवर तयार झालेलं मूल बोलत नाही. त्याला मणी दिसतात आणि मूल ते सरकवतं. बघणारा भाग आणि हात हलवणारा भाग, दोघं मिळून काम करतात, पाटी समोर असो नसो. "हिच्या मेंदूत नेमका तिथेच झटक्याचा कल आहे," त्या म्हणाल्या. "सोरोबानने आजार दिलेला नाही. आजार होताच, त्याने त्याला जागं केलं. आणि हा कल बहुतेक वेळा घरातून येतो, म्हणून मी दोनदा विचारलं."

शिगेकी खिडकीतून पार्किंगकडे बघत होता.

मला देवळाच्या पायऱ्या आठवल्या.

दुसऱ्या दिवशी मी हिमेजीला गेले. दुपार होती, पावाचं दुकान रिकामं. सावाकोने मला बघितलं आणि काही न विचारता ॲप्रन सोडला.

"पडली का?" ती म्हणाली.

मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांवर बसलो. तिने पर्समधून औषधांची नोंदवही काढली, फार्मसीवाले चिकटवून देतात ती. एक भरली की दुसरी. ही तिची एकोणिसावी होती.

"चौदाव्या वर्षी सुरू झालं," ती म्हणाली. "मीसुद्धा जोरात मोजायचे. होनामीसारखीच. आधी वाट्या पडायच्या, आई म्हणायची हातात जीव नाही पोरीच्या. मग एकदा कारखान्यातच पडले. मणी सांडले सगळे, हजारभर. शिगेकी दहा वर्षांचा होता. माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, डॉक्टर येईपर्यंत. पुढे कितीतरी वेळा त्यानेच धरलं मला. फार चांगला धरायचा."

"तो होता तिथे," मी म्हणाले.

"तोच असायचा. आई दार लावायला जायची."

मी मूर्खासारखं विचारलं, "म्हणून तुम्ही गाडी चालवत नाही?"

"मग काय, पेट्रोल महाग आहे म्हणून?" सावाको हसली. मग तिने वही मिटली. "भावांची लग्नं व्हायची होती, चिगुसा-सान. मी तोंड उघडायचं नाही असं ठरलं. तेव्हापासून मुलींनी मोजायचं नाही हा नियम आला. मणी रुसतात वगैरे आईने वर लावलेला रंग. मला वाटलं, नियम आहे ना, मग पुरे. तुम्ही नियम मोडणाऱ्यांतल्या दिसलात म्हणून त्या दिवशी बोलले. पुरतं बोलायला हवं होतं."

"मी हसले होते."

"हो. बघितलं मी."

घरी आले तेव्हा शिगेकी कारखान्यात होता. दारावर होनामीचा फोटो तसाच. मी बसलेसुद्धा नाही.

"लाकडी वाट्या कधी आणल्यास?"

त्याने हातातली दांडी खाली ठेवली. "मार्चमध्ये."

"आणि ती पडली सप्टेंबरात."

"मला वाटलं, नसेल ते. वाढत्या वयात मुलं पाडतातच वस्तू."

"तुला कळलं होतं म्हणून तू वाट्या बदलल्यास. मला एक वाक्य सांगायचं होतंस, ते न सांगता तू दुकानात जाऊन लाखेच्या वाट्या निवडल्यास. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. तू दोनदा नाही म्हणालास."

"लिहिलं की राहतं ते कागदावर," तो म्हणाला. "उद्या तिचं लग्न, नोकरी... तुला नाही समजणार. सावाकोताईचं काय झालं ते मी बघितलंय."

"मीपण आज बघून आले."

सासूबाई आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. फुसाए हे त्यांचं नाव. आयुष्यात मी त्यांना आईशिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही. "आम्ही नियम घालून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "मोडला कोणी? कॉलेजात शिकलेलीने."

"नियम सांगितलात, आई. कारण सांगितलं नाहीत."

"कारण सांगितलं असतं तर तू या घरात आली असतीस का?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. आले असते असंही वाटतं. पण तो निर्णय माझा असता. बारा वर्षं मी ज्या माणसाशेजारी जेवले, त्याने मला एवढंही ठरवू दिलं नाही, आणि होनामीचं डोकं आपटलं ते त्याच्या गप्प बसण्यावर. माझ्या हसण्यावरही, हे मी विसरत नाही. फक्त माझ्या हसण्यामागे अज्ञान होतं. त्याने सगळं माहीत असून फडकं आणलं.

सध्या मी आणि होनामी माझ्या माहेरी, आकाशी शहरात आहोत. गोळ्या लागू पडल्यात, झटके थांबलेत. झोपेची वेळ ठरलेली. सोरोबान बंद. पण डोक्यातलं बंद करता येत नाही. परवा बाजारात ती डोळे घट्ट मिटून उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, "पाट्यांवर किमती आहेत ना. दिसल्या की मणी हलायला लागतात. मी हलवत नाहीये, आई. खरंच." शिकवलं मी, आणि आता माफी तीच मागते. मी तिचा हात माझ्या खिशात घेतला आणि दोघी तशाच बाहेर पडलो.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

शिगेकीचा धाकटा भाऊ तोमोया तोयोहाशीला असतो. त्याची बायको नोरिए, आणि त्यांची मुलगी मिओरि, या वर्षी सात पूर्ण. माझ्या होनामीचा वर्तमानपत्रातला फोटो त्यांच्याकडे फ्रिजवर लावलेला आहे. घरच्या रक्तातच आहे म्हणून त्यांनी मिओरिला क्लासला घातलंय. नियम होता तोवर ती पोर सुरक्षित होती. नियम मोडून दाखवला मी.

मी नोरिएला फोन केला. सगळं सांगितलं, सावाकोचं, वाट्यांचं, वायरींचं. तिने ऐकून घेतलं.

"चिगुसा-सान," ती म्हणाली, "तुमचं आणि भावोजींचं बिनसलंय ते आम्हाला कळलंय. वाईट वाटलं. पण म्हणून पूर्ण घराण्यालाच आजार चिकटवायचा?"

"तोमोयाला विचार. त्याला माहीत असेल."

"विचारलं. तो म्हणाला, तसं काही नाही."

"स्पष्ट आवाजात म्हणाला का?"

पलीकडे ती हसली. मला ते हसू ओळखीचं होतं, माझंच होतं. त्यानंतर तिने फोन घेतलेला नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून पत्र पाठवलं, ते तोमोयाच्या हाती पडलं असणार. दारापर्यंत जाऊन आले, तर दार उघडलं नाही. सावाको येत्या रविवारी जाणार आहे, तीन गाड्या बदलून, आपल्या एकोणीस वह्या घेऊन. तिला तरी आत घेतील का, सांगता येत नाही.

तुम्ही तोयोहाशीच्या बाजूला राहत असाल, किंवा तुमचं कुणी तिथे असेल, तर एवढं कराल का? स्टेशनजवळच्या सोरोबानच्या क्लासात बुधवारी दुपारी एक सात वर्षांची मुलगी येते, कपाळावर आखूड केस, डाव्या गालावर तीळ. मागच्या खुर्चीवर बसा. तिचं उत्तर बरोबर आलं की नाही ते बघू नका. "इतके, तर?" म्हणून झालं, सगळ्यांचे हात खाली आले, की तिच्या बोटांकडे बघा. ती थांबतात का, एवढंच. आणि तिच्या आईला विचारा, घरात वाट्या कसल्या आहेत.